आडवी सायकल आणि चिखलदऱ्याचा चढ

अकोल्याहून निघा कीं अमरावतीहून, परतवाड्यापर्यंत पायनघाटचा सपाट मुलूख आहे. सायकलस्वाराची खरी परीक्षा पुढें, चिखलदऱ्याच्या घाटांत. पाठ टेकून व पाय पुढें करून चालवावयाच्या आडव्या सायकलीची तर विशेषच.

सपाटीवर तिचा पराक्रम इतिहासांत नमूद आहे. फ्रान्समध्यें शार्ल मोशे यांनीं मुलाकरितां पायडलांची चारचाकी गाडी केली. पुढें तिचाच अर्धा भाग घेऊन ही सायकल घडविली. ७ जुलै १९३३ रोजीं फ्रान्सिस फोर हा तिच्यावरून तासांत ४५.०५५ किलोमीटर गेला व १९१४ पासूनचा उच्चांक मोडला. फोर पहिल्या प्रतीचा स्वार नव्हता. यश वारा चुकविणाऱ्या बैठकीचें होतें. १९३४ मध्यें आंतरराष्ट्रीय सायकल संघानें तिला शर्यतींतून वगळलें. जिंकल्याबद्दल ही शिक्षा!

घाटांत मात्र वारा गौण, वजन मुख्य. साध्या सायकलीचा स्वार पायडलावर उभा राहून अंगाचा भार देतो. आडव्या सायकलीवर ती सोय नाहीं. अमरावती सुमारें ३४० मीटर उंचीवर, चिखलदरा सुमारें १,१००. माणूस व सायकल मिळून ८५ किलो धरल्यास केवळ ही उंची चढण्यास १०० वॅटची शक्ति पावणेदोन तास खर्चावी लागते.

मग मोटर जोडावी काय? दुसऱ्या महायुद्धानंतर मोशे यांचे पुत्र जॉर्ज यांनीं चारचाकीला लहान एंजिन बसविलें. पुढें तिची मोटारगाडीच झाली. आज भारतांत २५० वॅटांहून कमी शक्तीची, ताशीं २५ किलोमीटरांच्या आंतली विजेची सायकल नोंदणीवांचून चालते. तेवढी मदत घाटास पुरे. परतवाड्यापर्यंत ती बंदच ठेवावी.