हिरा फुटण्याआधीचे दहा तास

संध्याकाळी ६. हिऱ्यांच्या ऐरणीचा सेल बंद करण्याआधी सूक्ष्मदर्शकातून पाहून घेतलं. समोरासमोर दोन हिरे, प्रत्येकाचं टोक छाटून केलेली सपाटी अर्ध्या मिलिमीटरची. मध्ये रेनियमचं गॅस्केट, त्याच्या भोकात क्वार्ट्झचा एक कण, माणकाचा चुरा आणि निऑन वायू. कण मार्कंड्याचा. वैनगंगा जिथे उत्तरेकडे वळते, तिथल्या वाळूची पुडी आईने बांधून दिली होती.

रात्री ८. दाब ५ गिगापास्कल, म्हणजे सुमारे ५०,००० वातावरणं. क्ष-किरण एका हिऱ्यातून शिरतात, कणावर विखुरतात, दुसऱ्यातून बाहेर येतात. त्यांना वाट मिळावी म्हणून हिऱ्यामागच्या टंगस्टन कार्बाइडच्या बैठकीला छिद्र ठेवावं लागतं. छिद्र रुंद केलं की विखुरलेल्या किरणांचे जास्त ठिपके मिळतात, पण हिऱ्याच्या पाठीचा आधार जातो. ऐरण घडवणाऱ्याची कसोटी इथेच लागते. बोहलर-अलमॅक्स घडणीत हिऱ्याची पाठ शंकूसारखी कापून शंकूच्याच बैठकीत बसवतात. तिथे आधारही राहतो, वाटही रुंद होते. माझी बैठक जुन्या पद्धतीची, सपाट होती आणि तिचं छिद्र आराखड्यात मीच वाढवलं होतं.

रात्री ११. १५ गिगापास्कल. ठिपके स्वच्छ.

रात्री १.२०. २४ गिगापास्कल. दाब दाखवणारी माणकाची लाल रेषा ६९४.२ नॅनोमीटरवरून ८ नॅनोमीटरहून जास्त सरकली होती. सोबतची विद्यार्थिनी म्हणाली, "सर, भोक एका बाजूला गेलंय." गेलंच होतं. गोल राहिलं नव्हतं, एक कड सपाटीच्या काठाकडे ओढली गेली होती. थांबायची वेळ ती होती. मी म्हणालो, अजून दोन टप्पे.

पहाटे २.४०. ३१ गिगापास्कल. ठिपके विझत गेले आणि त्यांच्या जागी धूसर वलय उरलं. स्फटिकाची शिस्त मोडली होती, कण न वितळताच काचेसारखा झाला होता. भाभा अणुसंशोधन केंद्रात सिक्का आणि सुरिंदर शर्मा यांनी ज्या घडामोडीचा दीर्घकाळ अभ्यास केला, ती मी आमच्या नदीच्या वाळूत पाहत होतो. डोळे भरून आले.

पहाटे ३.१५. दाब उतरवायला घेतला. कण पुन्हा स्फटिक होतो का, ते पाहायचं होतं. पुष्कळ हिरे चढताना तगतात आणि उतरताना जातात, हे या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. गॅस्केट सगळीकडे सारखं सैल होत नाही. ओढ एकाच बाजूला पडते.

पहाटे ३.५०. स्क्रू सैल करूनही माणकाची रेषा हलेना. मग एकदम खाली आली. हिरे एकमेकांना समांतर राहिले नव्हते.

पहाटे ४. पत्र्यावर एक गार पडावी तसा आवाज.

आमच्याकडे हिरा आणि वीज दोघांनाही वज्र म्हणतात. मार्कंड्याच्या मंदिराचं शिखर वीज पडून कोसळल्याचं लहानपणापासून ऐकलंय. तिकडच्याच वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख ऐन-ए-अकबरीत आहे. हिऱ्याला सहजी ओरखडा उठत नाही, पण त्याच्या अष्टफलकी पातळ्यांवर तो चिरतो. माझा तसाच चिरला होता, नवी बाजू आरशासारखी लखलखीत.

माणकाची रेषा ६९४.२ वर. निऑन उडून गेलेला. तासभर शोधूनही कण सापडला नाही. पुडीत अजून चिमूटभर वाळू आहे.