कलम सतरामधला घोडा

खासगी मालकाकडून जुनी मोटार घेणाऱ्याला आपल्याकडे कायद्याने काय हक्क दिलेत ते शोधायला बसलं, की मोटार सापडत नाही, घोडा सापडतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७ फसवणूक म्हणजे काय ते सांगतं आणि समजुतीसाठी खाली उदाहरणं देतं. त्यातल्या पात्रांना नावं नाहीत, नुसती अक्षरं आहेत. आपण त्यांना अण्णा आणि बापू म्हणू. अण्णा लिलावात बापूला घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे अण्णाला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. दुसऱ्या उदाहरणात घोडा घेणारी अण्णाची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. तिथे बापाने खोट सांगायलाच हवी. तिसऱ्यात बापू म्हणतो, ‘तू नाही म्हणाला नाहीस, तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालतो.’ अण्णा गप्प. ही चुप्पी मात्र बोलण्याइतकीच धरली जाते.

आजही यात फारशी भर पडलेली नाही. १९३० चा मालविक्री कायदा विकलेला माल बाजारात खपण्याजोगा असावा अशी अट गृहीत धरतो, पण ती त्या मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्यापुरती. सोसायटीतले निवृत्त बँक अधिकारी आपली आठ वर्षांची हॅचबॅक विकतात तेव्हा ते व्यापारी नसतात. त्याच कारणाने ग्राहक आयोगात त्यांच्याविरुद्ध तक्रार सहसा उभी राहत नाही. गाडी विकायचा त्यांना हक्क असला पाहिजे आणि वर्णन करून विकली असेल तर ती वर्णनाबरहुकूम असली पाहिजे, एवढं कायदा मागतो. बाकी सगळा भार त्या घोड्यावर.

हा घोडा इंग्लंडहून आला. पण त्याच्याही आधीचे बाजार बघण्यासारखे आहेत, कारण तिथे गिऱ्हाइकाची बाजू आजच्यापेक्षा भक्कम होती.

रोमच्या बाजारावर एडाइल नावाच्या अधिकाऱ्यांची देखरेख असे. त्यांच्या जाहीरनाम्याप्रमाणे गुलाम किंवा ओझ्याचं जनावर विकणाऱ्याने रोग आणि दोष आधीच उघड सांगायचे असत. लपलेला दोष निघाला तर सहा महिन्यांत माल परत करता येई, किंवा वर्षभरात किंमत कमी करून मागता येई. आपल्याला दोष ठाऊकच नव्हता, ही विक्रेत्याची सबब चालत नसे. मग दोष कशाला म्हणायचं यावर कायदेपंडितांनी काथ्याकूट केला. एक दात नसलेला माणूस रोगी धरायचा का? पॉलस म्हणतो, नाही. पुष्कळांना एखादा दात नसतो, जन्मतः तर कुणालाच नसतात, आणि हा निकष लावला तर एकही म्हातारा निरोगी ठरणार नाही. बोनेटवरचा ओरखडा हा दोष आहे की वयोमान, या वादाचं कूळ इतकं जुनं आहे. जाहीरनाम्यातली आणखी एक तरतूद वाचताना तर मला हसूच आलं: जनावर विकायला आणताना ज्या साजात मिरवलं असेल त्या साजासकट ते द्यावं, नाहीतर साठ दिवसांत दावा लावता येईल. फोटोत नवे टायर आणि म्युझिक सिस्टीम दाखवून ताबा देताना ती काढून घेणारा मालक त्या काळीही होता, हे उघड आहे.

आपल्याकडे स्मृतींनी याच विषयाला ‘क्रीतानुशय’ म्हटलं. म्हणजे विकत घेतल्यावर झालेला पस्तावा. याज्ञवल्क्यस्मृतीत एका श्लोकात तपासणीच्या मुदतीच दिल्या आहेत. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन आणि ‘वाह्य’ म्हणजे ओझं वाहणाऱ्या जनावराला पाच. त्याच ओळीत दासीला महिना आणि दासाला पंधरवडा आहे, तेव्हा या बाजाराची आठवण काढून गहिवरायचं कारण नाही. नारद आणखी व्यवहारी. घेणाऱ्याने आधी स्वतः गुणदोष पारखावेत आणि पारखून पसंत केलेला माल मग परत करू नये, असं तो सांगतो; पण निर्दोष दाखवून सदोष देणाऱ्याकडून दुप्पट किंमत वसूल करायची आणि वर तेवढाच दंडही. पारख करायची, ती किती दिवसांत करायची आणि खोटेपणाला काय शिक्षा, हे सगळं इथे ठरवून दिलेलं आहे. मुदत ठरलेली असल्यामुळे ‘मला माहीतच नव्हतं’ या वादाला जागाही फार उरत नाही.

इंग्लंडने उलटी वाट धरली. ‘गिऱ्हाइकाने सावध असावं’ या अर्थाचं लॅटिन वचन इंग्रजी पुस्तकात पहिल्यांदा दिसतं ते १५२३ च्या सुमाराच्या, फिट्झहर्बर्टच्या नावाने छापलेल्या शेतीविषयक ग्रंथात, आणि तेही घोड्याच्याच संदर्भात. घोडा माणसाळलेला असेल, त्याच्यावर कुणी बसलेलं असेल, तर घेणाऱ्याने सांभाळून असावं. सेकंडहँड घोडा, दुसरं काय! सांभाळायला कारणही होतं. घोड्याचं वय दातांवरून ओळखतात, म्हणून म्हाताऱ्या घोड्याचे दात कोरून, तापल्या सळईने डागून त्यांवर तरुणपणाच्या खुणा उठवणारे कारागीर तिथे होते. आपल्याकडे बैलबाजारात आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला असं दात मोजूनच बोलतात. आणि आज लॅपटॉप जोडून नव्वद हजार किलोमीटरचे बेचाळीस हजार करून देणाऱ्याला सळईसुद्धा तापवावी लागत नाही.

१८५४ चा हॉपकिन्स विरुद्ध टँकरे हा खटला तर आजच्या कुठल्याही पार्किंगमध्ये घडेल असा आहे. लंडनच्या टॅटरसॉल्स या घोड्यांच्या लिलावघरात एकाचा घोडा विक्रीला होता. लिलावाच्या आदल्या दिवशी दुसरा एक जण तबेल्यात वाकून घोड्याचे पाय चाचपत होता. मालक तिथे आला आणि म्हणाला, कशाला बघताय, घोडा सगळ्या बाजूंनी धडधाकट आहे, माझा शब्द. भल्या माणसाचा शब्द म्हणून गिऱ्हाइकाने तपासणी तिथेच थांबवली आणि दुसऱ्या दिवशी लिलावात घोडा घेतला. घोडा सदोष निघाला. न्यायालय म्हणालं, मालकाने जे प्रामाणिकपणे मानलं तेच सांगितलं. ते खात्रीचं वचन नव्हे, कारण टॅटरसॉल्समध्ये खात्रीशिवायच विक्री होते हे दोघांना ठाऊक होतं. मला हा निकाल पटत नाही. ज्या शब्दाने तपासणारा हात मागे घेतला त्या शब्दाला वजन नाही, हे कायद्याच्या पुस्तकात शोभत असेल, सौद्यात नाही. पण हाच काळ, हीच विचारसरणी. फिट्झजेम्स स्टीफन कलकत्त्यात कायदेमंत्री असताना १८७२ चा करार कायदा मंजूर झाला आणि टॅटरसॉल्सच्या जातकुळीतला तो घोडा आपल्या कलम १७ मध्ये येऊन उभा राहिला. याज्ञवल्क्याचे पाच दिवस गेले.

गिऱ्हाइकाच्या हक्काची वंशावळ ही अशी. सरकारी तपासणीचं कूळ मात्र साफ वेगळं आहे, आणि घोटाळा होतो तो इथे. मोटारीची तपासणी सुरू झाली ती घेणाऱ्यासाठी नव्हे, रस्त्यावरच्या तिसऱ्यासाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या रस्त्यांवर युद्धाआधीच्या, ब्रेक धड न लागणाऱ्या गाड्यांची गर्दी होती. अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना सप्टेंबर १९६० मध्ये तिथे ‘एमओटी’ चाचणी आली. दहा वर्षांवरच्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टीअरिंग तपासायचं, एवढंच. नापासांचं प्रमाण इतकं निघालं की लवकरच दहाची अट सातवर आली आणि १९६७ मध्ये तीनवर. आजही या चाचणीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची अवस्था बघत नाहीत. म्हणजे ज्यावर घेणाऱ्याचे पैसे बुडतात तेच वगळलेलं. तरी लोक त्या कागदाला गाडीचं शीलपत्र समजतात. त्याचा खरा उपयोग वेगळाच निघाला: प्रत्येक चाचणीत किलोमीटरचा, तिकडे मैलांचा, आकडा नोंदला जातो आणि २००५ पासूनच्या नोंदी नंबर टाकून कुणालाही फुकट पाहता येतात. मागे फिरवलेलं मीटर तिथे पकडलं जातं.

जुन्या मोटारीच्या बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक असतं ते घेणाऱ्याला नसतं, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून अंग काढतात, असं जॉर्ज अकर्लॉफने १९७० मध्ये मांडलं आणि २००१ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निबंधात तांदळाच्याच रंगाआकाराचे मुद्दाम मिसळलेले खडे निवडत बसलेली भारतीय गृहिणीही आहे. खराब निघालेल्या मोटारीला अमेरिकेत ‘लेमन’, म्हणजे लिंबू, म्हणतात आणि त्यावरच्या कायद्यांनाही तेच नाव पडलं.

त्यातला मॅसॅच्युसेट्सचा कायदा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तिथे या दोन कुळांची सोयरीक झाली. त्या राज्यात मोटारींच्या ऐच्छिक तपासणीची मोहीम १९२६ मध्येच निघाली होती. आज तिथे गाडी नावावर झाली की सात दिवसांत सरकारमान्य केंद्रावर तपासून घ्यावी लागते. कायदा याच कागदाला हात घालतो. विक्रीपासून सात दिवसांत गाडी नापास झाली, दुरुस्तीचा खर्च किमतीच्या दहा टक्क्यांवर गेला आणि दोष घेणाऱ्याने घडवलेला नसेल, तर चौदा दिवसांच्या आत कळवून व्यवहार रद्द करता येतो. नापास का झाली याचा केंद्राचा लेखी कागद हवा. विक्रेता व्यापारी असो की शेजारी, फरक नाही. शिवाय खासगी विक्रेत्याने ठाऊक असलेला गंभीर दोष दडवला, हे सिद्ध झालं तर तीस दिवसांत गाडी परत करता येते. मात्र मधल्या वापराचे मैलामागे पंधरा सेंट कापून घेतात. सात दिवस, दहा टक्के, पंधरा सेंट. कुणाच्या मनात काय होतं हे शोधण्यापेक्षा मोजता येईल असं काहीतरी ठरवायचं, ही तीच जुनी रीत.

आपल्याकडे दोन्ही कुळं एकमेकांच्या दारात जात नाहीत. ट्रक-टॅक्सीला ठरावीक मुदतीने फिटनेस लागतो, पण खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तोवर आरटीओ तिच्याकडे सहसा ढुंकून बघत नाही. पीयूसी निघते ती सायलेन्सरच्या धुराची. ‘वाहन’च्या नोंदीत कितवा मालक, कर्जाचा बोजा, विमा हे दिसतं; किलोमीटर दिसत नाहीत. मग आपली तपासणी म्हणजे ओळखीचा मेकॅनिक. रविवारी सकाळी तो येतो, गाडी न्याहाळायच्या आधी दाराची रबरी बीडिंग खेचून काढतो आणि पिलरवरच्या कंपनीच्या पंचिंगवरून बोट फिरवतो. गोल, सारख्या अंतरावरचे ठिपके असले तर पुढे जायचं. तिथे गुळगुळीत पुट्टी लागली तर गाडी ठोकलेली. मग डिकीतली स्टेपनी उचलून तळाचा पत्रा बघतो, बोनेट उघडून एप्रन. शेवटी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करतो. धूर भकभक वर आला तर तोंड वाकडं करून म्हणतो, ‘बॅक कॉम्प्रेशन मारतीय.’

कायद्याच्या दृष्टीने ही तपासणी दुधारी आहे. व्यापाऱ्याकडून घेताना माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांबद्दल मागाहून बोलता येत नाही. खासगी मालकाच्या बाबतीत करार कायद्याचं कलम १९ म्हणतं, विक्रेत्याची चुप्पी लबाडीची असली तरी साधी दक्षता घेऊन सत्य कळण्याजोगं होतं तर करार मोडता येणार नाही. म्हणजे तपासलं तर पंचाईत, न तपासलं तर जास्त पंचाईत. पण कलम १७ गप्प बसणं आणि झाकून ठेवणं यांत फरक करतं. मीटर मागे घेणं, गंजावर पुट्टी मारून रंग देणं ही चुप्पी नव्हे, ती सरळ फसवणूक. आणि बापूचं वाक्य आहेच. सौदा ठरण्याआधी मालकाला व्हॉट्सअॅपवर लिहावं: ‘काका, गाडीला मोठा अपघात झालेला नाही, पुराच्या पाण्यात उभी नव्हती आणि मीटर खरं आहे, असं मी धरून चालतोय. काही वेगळं असेल तर आजच कळवा.’ काका उत्तर देवोत न देवोत, निळ्या खुणा उमटल्या की अण्णाची चुप्पी लेखी झाली. तोंडी विचारलेलं कोर्टात सिद्ध करायला फार जड जातं.

विकणाऱ्यालाही आपल्याकडे निर्धास्त राहता येत नाही. गाडी तीन हात फिरली, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली, आणि अपघात झाला, तर कायद्याच्या लेखी मालक कोण? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं, ज्याचं नाव नोंदणीत आहे तो. म्हणून जाणते लोक डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही घालतात, ‘सायंकाळी ६.४०’ अशी, आणि राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांच्या आत आरटीओला विक्री कळवतात. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना अधिकृत मान्यता घेऊन ताब्यातल्या गाडीची जबाबदारी उचलावी लागते. दोन घरांत परस्पर होणाऱ्या सौद्यावर त्यातलं काही लागू नाही. तिथे अजून फॉर्म २९, फॉर्म ३० आणि शब्द.