पोलादांतील मळाची जन्मकथा

अशुद्धता म्हणजे बाहेरून येऊन मिसळलेला मळ, अशी आपणां सर्वांची समजूत असते. तांदुळांतले खडे वेंचून टाकावे, तशीच धातूची शुद्धि होत असावी, असें आम्हांसही पूर्वीं वाटे. परंतु मोटारीचा पत्रा ज्या पोलादाचा होतो त्याचा इतिहास पाहूं लागलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं, तेथील अतिशय त्रासदायक मळ शुद्धीकरणाच्याच पोटीं जन्मास येतो.

१८५६ सालच्या ऑगस्टांत हेन्री बेसेमर यानें चेल्टनहॅम येथील विद्वत्सभेंत आपली कृति जाहीर केली. वितळलेल्या ओतीव लोखंडांतून हवेचा झोत सोडला म्हणजे त्यांतील कर्ब जळून जातो, आणि त्याच क्रियेच्या उष्णतेनें रस तप्त राहतो. निराळें जळण लागत नाहीं. कारखानदारांनीं पैसे मोजून परवाने घेतले, पण त्यांच्या हातीं आलें तें ठिसूळ लोखंड! बेसेमरच्या प्रयोगांतील लोखंडांत स्फुर फारच थोडा होता. इतरांच्या लोखंडांत तो भरपूर असे, व झोतानें तो जाईना. शिवाय कर्ब जाळणारा प्राणवायु स्वतःच रसांत मुरून बसे. एक मळ काढावा तों दुसरा आंत शिरावा, अशी गत झाली. या दुसऱ्यावर रॉबर्ट मशेट यानें मँगनीजयुक्त लोखंडाचा उतारा सुचविला. स्फुराचें कोडें मात्र वीस वर्षांहून अधिक काळ तसेंच राहिलें. तें सोडविलें सिडनी गिलख्रिस्ट टॉमस या लंडनच्या पोलीस कोर्टांतील कारकुनानें. दिवसा कोर्टाचें काम व संध्याकाळीं रसायनशास्त्राचा अभ्यास, असा त्याचा क्रम होता. भट्टीला चुन्याच्या जातीचें अस्तर देऊन रसांतही चुना घातला, तर स्फुर मळींत धरला जातो, हें त्यानें पर्सी गिलख्रिस्ट या आपल्या नातलगाच्या साह्यानें सिद्ध केलें. १८७९ सालीं मिडल्सबरो येथें प्रयोग यशस्वी झाला. १८८५ सालीं, अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, टॉमस वारला. त्याच्या भट्टींतील मळी पुढें शेतांत खत म्हणून खपूं लागली, हें वाचून आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

मोटारींच्या आरंभींच्या काळांत पत्र्याचें पोलाद साच्यांत खदखदत थिजे. रसांतील कर्ब व प्राणवायु यांचा वायु होऊन उसळे. त्यामुळें बाहेरचें कवच स्वच्छ होई व मळ मध्यभागीं ढकलला जाई. मोटारीची शोभा तिच्या त्वचेंतच असल्यामुळें ही सोय उत्तम होती. पुढें साचे मागें पडून अखंड ओतकामाची रीत रूढ झाली. तिला असली खदखद सोसत नाहीं, म्हणून प्राणवायु आधींच बांधून टाकणें भाग पडलें.

शिवाय आजचा पत्रा खोल आकार घेण्याइतका मऊ हवा. त्यासाठीं निर्वात यंत्रांत कर्ब दशलक्षांत सुमारें तीस भागांच्याही खालीं उतरवितात. हें साधण्यास प्राणवायु रसांत ठेवावाच लागतो, आणि मग त्याच्या निवारणार्थ ॲल्युमिनियम टाकावें लागतें. दोहोंचा संयोग होतांच कुरुंदाच्या जातीचे अतिसूक्ष्म, कठीण कण उत्पन्न होतात. पोलादाचा रस त्यांस भिजवीत नाहीं. म्हणून ते एकमेकांस बिलगून त्यांचे पोंवळ्यासारखे झुबके बनतात. मोठे झुबके लौकर वर तरंगून मळींत जातात. बारीक मागें रेंगाळतात. नंतर टिटॅनियम घातलें कीं, जेथें तें दाट असेल तेथें कांहीं कणांवर त्याचें भस्म चढतें. रस सारखा ढवळला गेल्यावर ॲल्युमिनियम त्या भस्मांतील प्राणवायु हिरावून घेतें, आणि कणाचें रूप पुन्हां पालटतें. वरच्या मळींत लोहाचें भस्म उरलें असेल तर तीच मळी रसाला प्राणवायु परत देऊन नवे कण निपजविते. पहारेकऱ्यानेंच चोरास दार उघडून द्यावें, तसा हा प्रकार!

ओतण्याच्या नळींत हे कण थराथरानें चिकटतात. एखादा थर सुटून लादीच्या पृष्ठभागाजवळ अडकला, तर सुमारें अडीचशें मिलिमीटर जाडीची लादी लाटून मिलिमीटराहूनही पातळ पत्रा होईतों त्या झुबक्याची लांबच लांब रेघ होते, व कधीं तेथें सालपट सुटतें. रंगाखालींही तें लपत नाहीं. असा पत्रा मोटारीच्या बाह्यांगास नाकारतात. आंतल्या बाजूस, जेथें कोणाची दृष्टि जात नाहीं, तेथें मात्र तो पुष्कळदां खपून जातो.