पाहोल : मेमरीतील रिकाम्या जागा दाखवणारे साधन

पाहोल हे लिनक्सवर कमांड लाइनवरून चालणारे एक साधन आहे. कंपायलरने बायनरी फाईलमध्ये नोंदवलेली डीबगिंगची माहिती ते वाचते आणि प्रोग्राममधील एखादे स्ट्रक्चर मेमरीत प्रत्यक्षात कसे मांडले गेले आहे, हे दाखवते. कोणता घटक कितव्या बाइटपासून सुरू होतो, तो किती जागा व्यापतो आणि दोन घटकांमध्ये किती बाइट वाया गेले आहेत, याचा हिशेब त्यातून मिळतो. ब्राझीलचे लिनक्स कर्नल विकासक आर्नाल्दो कार्व्हाल्यो दे मेलो हे त्याचे जनक होत.

नावामागील विनोद

लिनक्सवरील बायनरी फाईलच्या स्वरूपाला 'एल्फ' म्हणतात, तर तिच्यातील डीबगिंगच्या माहितीच्या स्वरूपाला 'ड्वार्फ'. ही दोन्ही युरोपीय लोककथांतील पात्रांची नावे. पाहोल ज्या साधनसंचात येते त्याचे नाव त्यामुळेच 'ड्वार्व्ह्ज' असे पडले. २००७ साली ओटावा येथील लिनक्स परिसंवादात दे मेलो यांनी त्यावर शोधनिबंध सादर केला. त्याच्या शीर्षकातच हिमगौरीच्या गोष्टीतील सात बुटक्यांची आठवण करून देणारे सात ड्वार्फ होते. 'पाहोल' हे नाव 'पोक अ होल' या इंग्रजी शब्दांवरून आले आहे. याच संचातील 'पीफंक्ट' फंक्शनांची माहिती देते, तर 'कोडिफ' एकाच प्रोग्रामच्या दोन बांधण्यांमधील फरक दाखवते.

रिकामी जागा कशी निर्माण होते

प्रोसेसरला प्रत्येक प्रकारचा डेटा ठरावीक पटीतील पत्त्यावर असलेला सोयीचा असतो. ६४ बिट लिनक्सवर आठ बाइटांची संख्या आठने भाग जाणाऱ्या पत्त्यावर ठेवली जाते, चार बाइटांची संख्या चारने भाग जाणाऱ्या. त्याच वेळी सी भाषेच्या नियमानुसार घटकांचा क्रम प्रोग्रामरने लिहिला तसाच राखावा लागतो. या दोन अटी एकत्र पाळताना कंपायलर मध्ये रिकामे बाइट सोडतो. मूळ कोडमध्ये त्यांचा मागमूसही नसतो.

समजा, एका स्ट्रक्चरमध्ये क्रमाने एक बाइटाचे चिन्ह, आठ बाइटांची संख्या, पुन्हा एक बाइटाचे चिन्ह आणि चार बाइटांची संख्या आहे. घटकांची बेरीज १४ बाइट होते. प्रत्यक्षात पहिल्या चिन्हानंतर ७ आणि दुसऱ्या चिन्हानंतर ३ बाइट रिकामे राहतात आणि एकूण आकार २४ बाइट होतो. मोठे घटक आधी व लहान नंतर लिहिले, तर शेवटी केवळ २ बाइट उरतात आणि आकार १६ बाइटांवर येतो. अशा एक कोटी नोंदी मेमरीत ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये केवळ क्रम बदलल्याने ८ कोटी बाइट वाचतात.

लाभ केवळ जागेचा नसतो. बहुसंख्य आधुनिक प्रोसेसर मेमरीतून ६४ बाइटांची एक कॅश लाइन एका वेळी उचलतात. १६ बाइटांच्या चार नोंदी तिच्यात नेमक्या बसतात, २४ बाइटांच्या दोनच पूर्ण मावतात. पाहोल प्रत्येक कॅश लाइनची सीमाही दाखवते, त्यामुळे वारंवार एकत्र लागणारे घटक एकाच ओळीत आहेत की विखुरलेले, हे कळते.

निदानाच्या साधनापासून कर्नलच्या बांधणीपर्यंत

ड्वार्फ माहिती अत्यंत तपशीलवार, पण अवजड असते. एकच प्रकार अनेक सोर्स फाईलींत वापरला गेला, तर त्याचे वर्णनही पुन्हा पुन्हा नोंदले जाते. लिनक्स कर्नलमध्ये २०१८ साली 'बीटीएफ' हे आटोपशीर स्वरूप दाखल झाले. २०१९ च्या ५.२ या आवृत्तीपासून कर्नल बांधतानाच पाहोल ड्वार्फ माहिती वाचून, पुनरावृत्ती गाळून, तिचे बीटीएफमध्ये रूपांतर करू लागले. शंभर मेगाबाइटच्या पुढे जाणारी माहिती त्यामुळे काही मेगाबाइटांत मावते आणि चालू कर्नलसोबतच ठेवता येते.

ईबीपीएफ प्रोग्रामांसाठी हा बदल निर्णायक ठरला. कर्नलच्या प्रत्येक आवृत्तीत स्ट्रक्चरांची मांडणी बदलू शकते. आता ईबीपीएफ प्रोग्राम एकदाच कंपाइल करून, चढवतेवेळी समोरच्या कर्नलची बीटीएफ माहिती पाहून त्यातील अंतरे जुळवून घेता येतात. अनेक निरीक्षण व सुरक्षा प्रणाली आज या सोयीवर उभ्या आहेत. बीटीएफ उपलब्ध असलेल्या यंत्रावर पाहोलला केवळ स्ट्रक्चरचे नाव दिले, तरी ते चालू कर्नलमधील मांडणी छापते.

मर्यादा आणि सावधगिरी

फाईलमध्ये डीबगिंगची माहितीच नसेल, तर पाहोल काही सांगू शकत नाही. वितरणासाठीच्या बायनरींतून ती बहुधा काढून टाकलेली असते. त्यामुळे ती माहिती राखून प्रोग्राम बांधावा लागतो, किंवा वितरकाने स्वतंत्रपणे पुरवलेली डीबगिंगची पॅकेजे घ्यावी लागतात.

घटकांची फेरमांडणी सुचवण्याचा पर्यायही पाहोलमध्ये आहे. मात्र प्रत्येक सूचना अमलात आणण्याजोगी नसते. एखादे स्ट्रक्चर जसेच्या तसे फाईलमध्ये लिहिले जात असेल, नेटवर्कवरून पाठवले जात असेल किंवा सामायिक लायब्ररीच्या वापरकर्त्यांना उघड असेल, तर क्रम बदलताच जुना डेटा आणि आधी कंपाइल झालेले प्रोग्राम निरुपयोगी ठरू शकतात. काही रिकाम्या जागा हेतुपुरस्सरही असतात. दोन कोअर सतत लिहीत असलेले दोन घटक वेगळ्या कॅश लाइनींत राहावेत, म्हणून त्यांच्यात अंतर सोडले जाते.

रिकाम्या बाइटांना सुरक्षेचीही बाजू आहे. कर्नलने स्ट्रक्चरचे घटक एकेक करून भरले आणि संपूर्ण स्ट्रक्चर वापरकर्त्याच्या प्रोग्रामकडे पाठवले, तर मधल्या बाइटांत उरलेला जुना मजकूरही त्यासोबत बाहेर जातो. गोपनीय माहिती फुटण्याचा हा परिचित मार्ग आहे. म्हणून असे स्ट्रक्चर आधी शून्यांनी भरून घेण्याची प्रथा आहे, आणि त्यात अशी जागा आहे की नाही, हे पाहोलच्या एका आज्ञेने पडताळता येते.

रस्टसारख्या भाषेत घटकांचा क्रम ठरवण्याची मुभा मुळातच कंपायलरला असते. सी भाषेत ती जबाबदारी प्रोग्रामरचीच राहते. पाहोल मोजमाप समोर ठेवते. कोणती जागा भरायची आणि कोणती राखायची, हे तो डेटा कुठे आणि कोण वापरणार, हे जाणणाऱ्यालाच ठरवावे लागते.