लाखोळीची डाळ आणि लुळे पाय

पुण्यात ‘लाख’ म्हटलं की आकडा आठवतो, फार तर बांगड्या. भंडारा-गोंदियाकडे लाख ही डाळ आहे. लाख, लाखोळी, लाखोरी. हिंदी मुलखात खेसारी किंवा तिवडा. भात कापायच्या थोडं आधी उभ्या पिकातच ओल्या मातीवर बी फेकायचं. नांगरट नको, खत नको, वरचं पाणी नको. बाकी सगळं करपलं तरी ही येते. तिचा हा गुणच माणसांच्या मुळावर आला.

ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपल्याला माहीत असलेला विल्यम स्लीमन सागर-जबलपूर भागात अधिकारी होता. 1844 साली छापलेल्या आठवणींत तो लिहितो, की 1829 मध्ये सागरकडच्या एका गावात गारांनी गहू झोपला आणि पुढची काही वर्षं शेतात तिवडाच माजला. लोकांनी तोच खाल्ला. 1833 पासून तिथली तरुण माणसं कमरेखाली लुळी पडू लागली. पुढे 1861 मध्ये हा सागरचा मुलूख आणि आपला नागपूर प्रांत एकत्र करून मध्य प्रांत झाला. म्हणजे ही गोष्ट परक्या मुलखातली नाही.

रोगाचं नाव लॅथिरिझम. झोपेतून उठावं आणि पाय ताठ झालेले असावेत, असाही तो येतो. हात चालतात, बुद्धी शाबूत राहते; चवडे मात्र जमीन सोडत नाहीत. डॉक्टरांनी त्याच्या पायऱ्या काठ्यांवरून मोजल्या: बिनकाठीचा, एककाठी, दोनकाठी आणि शेवटी सरपटणारा. यापेक्षा क्रूर वर्गीकरण माझ्या वाचनात नाही. 1961 च्या सुमारास गणपती आणि द्विवेदी यांनी रीवा भागात अभ्यास केला, तेव्हा या पायऱ्यांवर मुख्यतः बांधलेले शेतमजूर सापडले. त्यांना मजुरीच धान्यात मिळे, आणि त्या धान्यात खेसारी असे. मालकाला ती स्वस्त पडे.

डाळीत आहे काय, हे 1964 मध्ये कळलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी बियांतून एक अमिनो आम्ल वेगळं केलं. त्याला आज ओडॅप म्हणतात. हे आम्ल ग्लुटामेटचं सोंग घेतं, आणि ग्लुटामेट तर आपल्या मेंदूतलंच. एका चेतापेशीनं दुसरीला ‘ऊठ’ म्हणायचं, ते बहुतेक वेळा याच रेणूच्या तोंडून. निरोप पोचला की तो लगेच पुसावाही लागतो. ते काम शेजारच्या आधारपेशींचं, म्हणजे ॲस्ट्रोसाइटांचं. त्या सांडलेलं ग्लुटामेट उचलतात, त्याचं ग्लुटामिन करतात आणि चेतापेशीला परत देतात. मोलकरणीसारखं हे काम शंभर वर्षं कुणाच्या नजरेत भरलं नाही.

ग्लुटामेट साचलं तर काय होतं? 1957 मध्ये लुकस आणि न्यूहाउस यांना उंदराच्या पिल्लांच्या डोळ्यातला पडदा त्यानं नासलेला दिसला. 1969 मध्ये अमेरिकेत जॉन ओल्नी यांनी मेंदूतल्या पेशी फुगून मरताना पाहिल्या. सतत ‘ऊठ, ऊठ’ ऐकणाऱ्या पेशीत कॅल्शियम लोटतं, ऊर्जाघरं कोसळतात, पेशी संपते. ओडॅप नेमकं हेच करतं. 1991 च्या प्रयोगांत ते ॲस्ट्रोसाइटांनाही मारतं असं दिसलं. म्हणजे सांडलेलं उचलणारेच जायबंदी. मग चेतापेशीच्या भोवती उरलेलं ग्लुटामेट कोण आवरणार? पाय हलवणाऱ्या लांब चेतापेशी यात आधी बळी पडतात.

महाराष्ट्रानं 1961 मध्ये लाखोळीच्या विक्रीवर बंदी घातली. कायद्यानं डाळ पकडली, मजुरी धान्यात देणारा हात मात्र मोकळा राहिला. माझ्या मते चूक तिथेच झाली. रोज पाव किलोहून अधिक, काही महिने, आणि ताटात दुसरं फारसं काही नाही, असं झालं की पाय जातात. भात-भाकरीसोबत वाटीभर वरण खाणाऱ्या विदर्भातल्या घरांना ही बंदी अन्यायाची वाटली. नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी तिच्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढले, उपोषणाला बसले. त्यांच्या सगळ्या दाव्यांशी मी सहमत नाही. ओडॅप हे खरंच विष आहे. पण गरिबाचं पीक गुन्हेगार ठरवू नका, हे त्यांचं म्हणणं डावलता येत नाही.

2008 मध्ये राज्यानं बंदी उठवली. कमी ओडॅपची रतन, प्रतीक, महातिवडा ही वाणंही आता आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी 2014 मध्ये महाराष्ट्रातली पाहणी छापली. लोक लाखोळी खातच होते, पण थोडी, आणि ताटात दुसरं धान्यही होतं. रोग फार घटला होता.