सोन्याची खोली आणि कापडाची कोठारे

इंका साम्राज्याचा विषय निघाला की सोन्याचीच गोष्ट सांगितली जाते. १५३२ मध्ये पेरूतील काहामार्का येथे फ्रान्सिस्को पिझारोने सम्राट अताहुआल्पाला कैद केले. सुटकेसाठी त्याने खोलीभर सोने देऊ केले, दिलेही, तरी १५३३ मध्ये त्याला ठार मारले. मीही वर्गात वर्षानुवर्षे एवढेच सांगत आले. त्याच काहामार्कात आणखी काही कोठारे भरलेली होती, हे फार उशिरा वाचनात आले. पिझारोचा चिटणीस फ्रान्सिस्को दे झेरेझ लिहितो की तिथे कपड्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. सैनिकांनी हवे तेवढे उचलले, तरी काही कमी झालेसे दिसेना.

स्पॅनिशांनी सोने वितळवले. इंकांच्या लेखी मात्र खरी दौलत त्या गठ्ठ्यांत होती. जॉन मुर्रा या अभ्यासकाने १९६२ मध्ये हे नीट मांडले. इंकांकडे नाणे नव्हते. कर श्रमाच्या रूपाने घेतला जाई. राज्याच्या कळपांची लोकर घरोघर वाटली जाई आणि प्रत्येक कुटुंब वर्षाला एक वस्त्र विणून देई. हे साधे कापड म्हणजे ‘अवास्का’. तलम ‘कुम्पी’ विणण्यासाठी खास निवडलेल्या मुली, ‘अक्ल्या’, बंदिस्त वाड्यांत ठेवल्या जात. निष्णात पुरुष विणकरही असत. या मुलींना कुणी विचारून आणले नव्हते, हेही सांगायला हवे. इंकांचे राज्य काही रामराज्य नव्हते.

सैनिकांना मोबदला म्हणून कापड मिळे. जिंकलेल्या प्रदेशाच्या प्रमुखाला सम्राट वस्त्र देई. ते अंगावर घेतले की तो अंकित झाला. आपल्याकडची खिलअत, मराठीतला शिरपाव, याहून वेगळे काय होते? माघार घेताना इंका सैन्य कापडाची कोठारे पेटवून देई, कारण शत्रूच्या हाती ती पडू देणे म्हणजे त्याला राज्य चालवायचे साधन देणे.

ही विद्या इंकांनी शोधलेली नव्हे. त्यांचे साम्राज्य जेमतेम शंभर वर्षांचे. पेरूच्या किनाऱ्यावर हुआका प्रिएता येथे सुमारे ६००० वर्षांपूर्वीचे, निळीने रंगवलेले सुती तुकडे सापडले आहेत. निळीने कापड रंगवल्याचा इतका जुना पुरावा जगात दुसरीकडे मिळालेला नाही. आपल्या भारतातही नाही. १९२७ मध्ये हुलिओ तेयो या पेरूच्याच पुरातत्त्वज्ञाने पाराकास येथे ४२९ गाठोडी शोधली. त्यांत मृतदेह भरतकामाच्या शालींत गुंडाळलेले होते.

उर्दूतला ताना-बाना आणि मराठीतला ताणाबाणा एकच. अँडीजमध्ये नक्षी मुख्यतः ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, असते. बाई टकळीवर अल्पाकाची किंवा मेंढीची लोकर कातते. निवडुंगावरच्या कोचिनील किड्यापासून लाल रंग काढते, तो पक्का व्हायला तुरटी घालते. मागाचे एक टोक खुंटीला, दुसरे स्वतःच्या कमरेला. कागदावर नमुना नसतो, धाग्यांचा हिशेब डोक्यात. ताण्याचे धागे टोकाला कापत नाहीत. ते काठीवरून वळून परत येतात, म्हणून कापडाला चारही बाजूंनी काठ येतो. शेवटची काही बोटे विणायला जागाच उरत नाही. तिथे सुईने एकेक आडवा धागा ओढावा लागतो.

स्पॅनिशांना या हातांची किंमत कळली ती पुढे, आणि वेगळ्या रीतीने. ‘ओब्राखे’ नावाच्या कारखान्यांत लोकांना डांबून कापड काढून घेतले जाऊ लागले. १७८० मध्ये दुसऱ्या तुपाक अमारूने बंड पुकारले, तेव्हा सुरुवातीलाच पोमाकांचीचा असा एक ओब्राखे उद्ध्वस्त करून तिथला माल लोकांत वाटला. १८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या चौकात त्याला आणि त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास हिला मारण्यात आले. शिक्षा सुनावणाऱ्या आरेचे या अधिकाऱ्याने त्याच निकालपत्रात इंका पोशाखावर बंदी घातली आणि केचुआ भाषा सोडून स्पॅनिश बोलायला लावा, असेही फर्मावले. मी भाषा शिकवते. वस्त्र आणि बोली एकाच फर्मानात गुंडाळलेली पाहून मी त्या पानावर बराच वेळ थांबले.

बंदीने पोशाख बदलला, हे खरे. पर्यटक ज्या घेरदार झग्याला इंकांचा समजून फोटो काढतात, तो स्पॅनिश शेतकरी बायकांच्या झग्यावरून आलेला आहे. खांद्यावरची ‘यिक्या’ ही शाल मात्र जुनी, आणि नक्षी तिच्यातच टिकली. कुस्कोजवळच्या चिंचेरोच्या निल्दा काल्यानाउपा यांनी १९९६ मध्ये केंद्र काढून म्हाताऱ्या विणकर बायकांकडून जुन्या नक्षी पुन्हा शिकवायला घेतल्या. तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटाच्या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ मध्ये मान दिला. तिथे बायका पट्टे विणतात आणि टोप्या पुरुष विणतात, चालता चालता, गप्पा मारता मारता. टोपीचा वरचा भाग पांढरा असेल तर तो गडी अजून बिनलग्नाचा.