लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंकर: पहिल्या महायुद्धातील मुंबईचा लढाऊ वैमानिक

१/ उत्तर फ्रान्समध्ये, आमियाँ शहराच्या आग्नेयेस हांगार नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील युद्धस्मशानात इंग्लंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांच्या ओळीत एक मराठी आडनाव कोरलेले दिसते : वेलिंकर. हुद्दा लेफ्टनंट, दल रॉयल एअर फोर्स, मृत्यू ३० जून १९१८. त्या वेळी या तरुणाने वयाची पंचविशीही गाठलेली नव्हती.

२/ श्रीकृष्ण वेलिंकर मुंबईचे. शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. संपन्न घरातील हुशार मुलाने विलायतेस जावे, बॅरिस्टर किंवा आयसीएस होऊन परतावे, ही त्या काळची रूढ वाट होती. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि या वाटेवरची अनेक मुले भलत्याच दिशेला वळली. केंब्रिज व ऑक्सफर्डचे वर्ग ओस पडू लागले. सोबतचे इंग्रज विद्यार्थी गणवेश चढवून निघून जात होते. हिंदी विद्यार्थ्यांपुढे मात्र एक बंद दार होते.

३/ ते दार म्हणजे ‘किंग्ज कमिशन’, राजाच्या सहीने मिळणारे सैन्यातील अधिकारपद. लाखो हिंदी सैनिक साम्राज्यासाठी लढत होते. परंतु त्यांना जमादार, सुभेदार, रिसालदार यांच्या वर चढता येत नसे. तीस वर्षे चाकरी केलेला सुभेदारसुद्धा काल भरती झालेल्या गोऱ्या लेफ्टनंटाच्या हाताखालचाच. गोऱ्या शिपायाने हिंदी अधिकाऱ्याचा हुकूम पाळावा, ही कल्पनाच लष्करी वर्तुळांत मान्य नव्हती.

४/ या भिंतीला पहिली भेग पडली ती आकाशात. विमानदल नवे होते, त्याची परंपरा जेमतेम काही वर्षांची, आणि वैमानिक मरत होते त्या वेगाने नवे तयार होत नव्हते. ऑक्सफर्डचे हरदितसिंग मलिक यांना आधी नकार मिळाला होता. ते फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवू लागले. अखेर त्यांच्या इंग्रज अध्यापकाने विमानदलाच्या सेनापतीकडे शब्द टाकला आणि १९१७ च्या एप्रिलमध्ये मलिक अधिकारी झाले.

५/ अशा रीतीने रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये जे मोजके हिंदी तरुण शिरले, त्यांतील चार नावे इतिहासात ठळक आहेत. पंजाबचे मलिक, बंगालचे इंद्रलाल रॉय आणि एरॉल चंदर सेन, आणि मुंबईचे वेलिंकर. १ एप्रिल १९१८ रोजी हे दल आणि नौदलाची विमानशाखा एकत्र करण्यात आली आणि रॉयल एअर फोर्स जन्माला आले.

६/ वेलिंकर यांची नेमणूक २३ व्या स्क्वॉड्रनमध्ये झाली. या तुकडीकडे सॉपविथ डॉल्फिन जातीची नवी विमाने आली होती. एकासनी, वेगवान, उंचावर उत्तम लढणारे हे यंत्र होते. वैमानिकाचे डोके वरच्या पंखातील मोकळ्या जागेतून बाहेर येत असे, त्यामुळे वरचे आकाश स्वच्छ दिसे. पण उतरताना विमान उलटले तर पहिला आघात त्याच डोक्यावर. शिवाय ब्रिटिश विमानांच्या वैमानिकांना पॅराशूट दिले जात नसे. विमान पेटले, तर आगीत जळायचे की उडी टाकायची, एवढाच पर्याय उरे.

७/ १९१८ चा तो उन्हाळा आमियाँच्या आघाडीवर निर्णायक होता. २१ मार्चला जर्मनांनी प्रचंड चढाई केली होती आणि त्यांचे सैन्य आमियाँच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबले होते. प्रसिद्ध जर्मन वैमानिक रिश्टहोफेन याच परिसरात २१ एप्रिलला मारला गेला होता. जमिनीवर रेषा गोठलेली असली, तरी आकाशात रोज झुंज होती.

८/ २७ जून १९१८ रोजी वेलिंकर यांचे डॉल्फिन शत्रूच्या हद्दीत कोसळले. ते जिवंत होते, पण गंभीर जखमी. जर्मनांच्या ताब्यात तीन दिवसांनी, ३० जूनला, त्यांचा मृत्यू झाला.

९/ याच महिन्यात मुंबईत काय घडत होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १० जून १९१८ रोजी गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्धपरिषद भरवली. लोकमान्य टिळकांनी सैन्यभरतीच्या मदतीला स्वराज्याच्या प्रश्नाशी जोडताच त्यांना मध्येच थांबवण्यात आले आणि ते सभा सोडून निघून गेले. हिंदी तरुणांना अधिकारपदे देण्याचे आश्वासन सरकारकडून मिळाले, तर महाराष्ट्रातून पाच हजार सैनिक देऊ, अशी टिळकांची भूमिका होती. हमी म्हणून त्यांनी ५०,००० रुपयांचा धनादेश गांधीजींकडे पाठवला. गांधीजींनी तो परत केला.

१०/ म्हणजे ज्या अधिकारपदासाठी टिळक मुंबईत भांडत होते, ते पद खांद्यावर मिरवणारा मुंबईचाच एक तरुण त्या वेळी फ्रान्सच्या आकाशात होता. सभेनंतर तीन आठवड्यांच्या आत तो मरण पावला. टिळकांच्या मागणीला याहून सबळ पुरावा नव्हता. हिंदी माणूस अधिकारी म्हणून लढू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर देऊन झाले होते.

११/ मृत्यूनंतरही वेलिंकर यांची फरपट थांबली नाही. जर्मनांनी त्यांचे दफन केले, तेव्हा हे अपरिचित नाव चुकीचे लिहिले गेले. परिणामी युद्ध संपल्यावरही त्यांची कबर ओळखू येईना. पुढे शोध लागला, खात्री पटली, आणि अवशेष हांगारच्या स्मशानात विसावले. शिलालेखाचा आशय असा : साम्राज्याच्या सर्वांत शूर पुत्रांपैकी एकाच्या गौरवास्पद स्मृतीस.

१२/ साम्राज्याने मात्र या पुत्रांच्या देशाला काय दिले? १९१९ च्या मार्चमध्ये रौलेट कायदा, एप्रिलमध्ये जालियनवाला बाग. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. टिळक त्याआधीच, १ ऑगस्टला, निवर्तले होते. नागपुरात असहकारावर शिक्कामोर्तब झाले आणि स्वराज्य हे ध्येय म्हणून काँग्रेसच्या घटनेत आले. युद्धात निष्ठा दाखवली की हक्क आपोआप पदरात पडतील, हा विश्वास तेथे संपला.

१३/ चौघांपैकी सेन १९१७ मध्येच युद्धकैदी झाले होते. रॉय यांनी १९१८ च्या जुलैत दोन आठवड्यांच्या आत दहा विजय मिळवले आणि २२ जुलैला, वेलिंकर यांच्यानंतर तीन आठवड्यांनी, त्यांनाही वीरमरण आले. मलिक वाचले; स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून ते पुढे फ्रान्समध्येच राहिले. भारतीय वायुसेना स्थापन होण्यास ८ ऑक्टोबर १९३२ उजाडावे लागले. तिचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी हे इंद्रलाल रॉय यांचे भाचे.

१४/ रॉय यांच्या नावे भारतात टपाल तिकीट निघाले. वेलिंकर यांचे नाव मराठी वाचकाला क्वचितच ठाऊक असते. ज्या साम्राज्यासाठी ते लढले ते उरले नाही, आणि ज्या देशाचे ते होते त्याच्या स्वातंत्र्यकथेत परक्या गणवेशातील सैनिकाला सहज जागा मिळत नाही. पण अधिकारपदाचे बंद दार ज्यांनी आतून ढकलले, त्यांत एक हात मुंबईचा होता, एवढी नोंद तरी मराठी इतिहासाने ठेवायला हवी.